ओरिजिनल

फाइल एवढीशी. विजेच्या बिलाचा फोटोही
तिच्याहून जड.
एक बोट दाबायचं, आणि चहा गार व्हायच्या आत
उतरेल माझ्याकडे, जी माझीच आहे.

"तुझीच कशावरून?" कालिना विचारते.
वकिलीच्या तिसऱ्या वर्षाला आहे पोरगी,
आणि ब्यावीस्तोकच्या या फेब्रुवारीत
घरातलं सगळ्यात थंड वाक्य तिचंच असतं.

मी तिच्यासमोर कॅसेट ठेवतो. पिवळं प्लॅस्टिक,
कोपरा चावलेला. चावणारा कुत्रा जाऊनही वीस वर्षं झाली.
फुंकर मारून पाहिली, स्पिरिटनं दात घासले तिचे,
पडदा नुसता करडा.

ती सांगते : बाबा, तुझं आहे ते प्लॅस्टिक.
आतल्या खेळाची तुला फक्त मुभा.
स्वतःच्या हातानं नक्कल काढलीस तर एक वेळ भांडता येईल,
दुसऱ्यानं काढलेली घेतलीस तर ते भांडण वेगळं,
आणि "माझ्याकडे एक आहेच" हे
मला तरी कुठल्या कलमात सापडलेलं नाही.

म्हणजे?
म्हणजे, अवलंबून आहे.

अवलंबून. माझी आई अवलंबून होती
वाळवलेल्या अळंब्यांच्या माळांवर.
स्टेडियममागच्या बाजारात पहाटेपासून उभी.
नोटांवर इतकी शून्यं होती तेव्हा
की लखपती बाई घरी जाताना पाव मोजून घ्यायची.
त्यातले लाख तिनं मोजले, बोटाला थुंकी लावून,
एका माणसासमोर, लष्करी खाटेवर ज्यानं
खेळ मांडले होते मोज्यांशेजारी.
"ओरिजिनल ना?" आईनं विचारलं.
"ओरिजिनल, बाई," तो म्हणाला, छातीवर हात ठेवून.

तर पुरावा म्हणून मी कॅसेट उघडतो. चार स्क्रू.
आत शिक्का असेल, नंबर असेल,
कालिनाच्या पुढ्यात टाकायला काहीतरी.
हिरव्या पट्टीवर काळ्या डिंकाचा एक थेंब,
वाळलेला. नाव नाही, गाव नाही.
आणि झाकणावरचं नाव, तीस वर्षं वाचत आलो ते,
आज पहिल्यांदा नीट दिसतं :
एक अक्षर चुकलेलं.

कालिना हसत सुटते, टेबलाला धरून.
म्हणजे चोरावर मोर व्हायचीही माझी लायकी नाही.
मी चोराचं गिऱ्हाईक, इमानी,
रोख मोजलेलं.

"आता सांग," मी म्हणतो, "माझ्याकडे नक्कल होती.
नक्कल मेली. दुसरी घेऊ का?"
ती डोळे पुसते. या प्रश्नाला
परीक्षेत किती मार्क, याचा हिशेब करते बहुतेक.
मग स्वयंपाकघरातला दिवा घालवते.
"मी काही पाहिलं नाही," दारातून.

कॅसेट मिटतो. तीनच स्क्रू बसतात,
चौथा तळहातावर.
पडद्यावरचं बटण अजून निळं.
आईनं विचारलं होतं, एवढं मात्र खरं आहे.
छातीवर हात ठेवून सांगतो.