अ.पा.क.

पासबुकावर तिच्या नावाखाली
अकरा वर्षं तीन अक्षरं होती, अ.पा.क.,
आणि पुढे मी, धनराज गुलाबराव बेलसरे.
अज्ञान पालन कर्ता.
अज्ञान कोण, हे त्यात नीट कळत नाही.

मंगळवारी जिल्हा बँकेतला बाबू म्हणाला,
हे आता खोडावं लागेल, पोरगी सज्ञान झाली.
मग माझ्याकडे बघून विचारलं,
तिला सही येते का?

तिला.
ती माझ्या शेजारीच उभी,
डावा हात छातीशी दुमडलेला, जन्मापासून तसाच,
उजव्यात पितळी टोकन.
माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं.
कायम तयारच असतं:
तिला वरण आवडतं, तिला ऊन सोसत नाही,
ती बोलते हो, फक्त वेळ लागतो.
तिचं वाक्य निम्म्यावर आलं की
मी धावत जाऊन दार उघडायचो
आणि तिच्याआधी आपणच आत शिरायचो.

मी गावचा पाणीवाला.
पहाटे पाचला टाकीखाली वाकून व्हॉल्व्ह फिरवतो,
आधी खालची आळी, मग बाजारओळ, मग शाळेकडची लाइन.
एकदम सोडलं तर जुन्या पायपाचा सांधा निघतो,
सोडलंच नाही तर गुंड-घागरी नळाखाली बसून राहतात.
किती आटे द्यायचे ते हाताला कळतं.
लोखंडाचं कळतं.

आमच्यामागं काय, हा तिच्या मायचा प्रश्न.
दिवसा कधी विचारत नाही.
चूल विझवताना, राखेला विचारल्यासारखा.
मी म्हणतो, आपण हावो ना.
ती म्हणते, मी त्याच्याच नंतरचं इचारून रायली.

तिनंच आंबिया बहारात आचलला
वरूडला संत्र्याच्या शेडवर नेलं.
एका अंगठ्यानं पोरगी फळ दाबते,
पोकळ सालीचं बाजूला काढते,
तिच्या कॅरेटात चूक सापडत नाही.
हजेरी मात्र बाकी बायांहून तीस रुपये कमी.
मी म्हटलं, असू दे.
तिनं नाही म्हटलं. म्हणजे,
नाही म्हणायला तिला जेवढा वेळ लागला
तेवढ्यात शेडवाल्यानं दोनदा घड्याळ पाहिलं.
मग वीस वाढवले.
दहा बाकी आहेत. ती रोज मोजते.

गेल्या महिन्यापासून एस.टी.नं एकटी जाते.
मी मागून मोटरसायकलवर,
तोंडाला दुपट्टा, दोन वळणांचं अंतर,
फाट्यावर ती उतरेपर्यंत निंबाआड.
असे बावीस दिवस.
तेविसाव्या रात्री जेवताना
एकेक शब्द ताटाच्या कडेला मांडत ती म्हणाली,
"बाबा... तुमच्या गाडीचं... सायलेन्सर... फुटलं हाये.
सारी यष्टी... हासते."
माय एवढी हसली की तिला ठसका लागला.
मी पाणी आणायच्या निमित्तानं उठलो,
आणि बराच वेळ रांजणापाशीच उभा राहिलो.

तर बँकेत.
सही की अंगठा, बाबूनं पुन्हा विचारलं.
मी भिंतीवरची सुट्ट्यांची यादी वाचायला घेतली.
संपली, पुन्हा वरून वाचली.
मागे रांगेत कुणी खाकरलं.
हातांना धरायला काहीच नव्हतं.

"स... ही," आचल म्हणाली.

बाबूनं कागद सरकवला.
पेन टेकलं तसा कागद निसटला,
माझं बोट पुढे गेलं,
मी ते परत आणलं, खिशात ठेवलं.
तिनं थोडा विचार केला,
टोकन उचलून कागदाच्या कोपऱ्यावर ठेवलं
आणि लिहायला लागली.

आ काढून झाला तेव्हा
आमच्या गावची गाडी स्टँडवरून हॉर्न देत निघून गेली.
च आणि ल बाकी होते.