विचार करण्याची मुदत

गुन्सानच्या कोर्टात तीन नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी
आमचा अर्ज दोनदा वाचला.
मुलं आहेत ना? मग तीन महिने थांबा.
नसती, तर एकच.
म्हणजे हारम आणि सोल, दोघांचा मिळून भाव
दोन महिने.

मग एका खोलीत बसवून फिल्म दाखवली.
सशाचे आईबाबा वेगळे राहायला जातात,
ससा रडतो, नंतर सूचना येतात, क्रमवार.
तॅ-सॉप झोपला नाही. हे मुद्दाम नोंदवते,
हा माणूस चर्चमध्ये पहिल्या रांगेत घोरतो.

सरकारला वाटतं, माणसं रागाच्या भरात सह्या करतात.
राग असता तर बरं झालं असतं.
इथला कारखाना बंद पडला, तो उल्सानला गेला,
आणि फोनवर आमचं बोलणं झिजत झिजत
जेवलीस? जेवले. तू?
एवढ्यावर आलं.
त्याला मुदतीत काय विचार करायचा?

मुदत बारा डिसेंबरपर्यंत.
मधे नोव्हेंबर येतो
हे कायदा लिहिणाऱ्यांच्या लक्षात आलं नसावं.
गोचांगहून सासूबाईंनी चाळीस कोबी पाठवले,
त्यांना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं.
कोबी थांबत नाहीत.
तो पाच तासांची बस पकडून आला,
बाह्या वर करून बाथटबमध्ये मीठ कालवत बसला.
मीठ जास्त होतंय.
आईचंच माप आहे.
आईनं टब नव्हता मोजला.
कित्येक महिन्यांत आमचं इतकं लांब बोलणं झालं नव्हतं.

रात्री दोनला लाल हातांनी मी
कोर्टाचा कागद आठवत होते.
मुलं कुणाकडे, खर्च किती,
भेट महिन्यातल्या कुठल्या शनिवारी.
किमचीच्या डब्यांना रकाना नाही.
हारमनं सकाळी मोजले. आठ.
बाबांचे किती?
तिलाही आम्ही काहीच सांगितलं नव्हतं.

फ्रिजच्या दारावर नगरपालिकेचं कार्ड आहे,
दोन मुलांच्या घराला मिळतं ते.
पोहण्याच्या तलावात सूट, सिटी बसमध्ये सूट.
वर चित्र, चार डोकी आणि इंद्रधनुष्य.
मी कार्यालयात फोन करून विचारलं,
तीनच डोकी उरली तर?
कार्ड चालतं, ती मुलगी म्हणाली, चित्र बदलत नाही.

बारा तारखेला दोघंही वेळेवर पोचलो,
मुलाखतीला जाताना घालतात तसल्या कपड्यांत.
टोकन एक्केचाळीस.
नंबर आला तेव्हा तॅ-सॉप खिसे चाचपू लागला,
एक एक, दोनदोनदा.
ओळखपत्र उल्सानला राहिलं, कामाच्या जाकिटात.
बाईंनी चष्मा काढला.
दुसरी तारीख दिलेलीच आहे.
त्या दिवशीही आला नाहीत, तर अर्ज
मागे घेतला असं समजू.

समोरच्या हॉटेलात शिंपल्यांचे नूडल्स खाल्ले.
खरंच विसरलास का, हे मी विचारलं नाही.
शिंपले उघडून तो माझ्या वाडग्यात टाकत होता,
जुनी सवय, हाताला कळत नसावं.
मी म्हटलं, डबे कधी नेणार?
खोलीतला फ्रिज लहान आहे, तो म्हणाला, एकच मावेल.
म्हणजे सात माझ्याकडे.
हे न्यायाला धरून आहे की नाही, माहीत नाही.

दुसरी तारीख नऊ जानेवारी, सकाळी दहा.
घरी येऊन कॅलेंडरवर लिहायला गेले
तर त्या चौकोनात आधीच, माझ्याच अक्षरात,
सोल, दाताचे डॉक्टर, दहा वाजता.