ऋणाचं चिन्ह

तांडापेठेतून फाइल आली मे महिन्यात,
बावीस मिनिटांची.
धोंडबाजी पौनीकर मागावर बसलेत,
नात मृणाल समोर रेकॉर्डर धरून,
आणि मधूनच आवाज फुटतो,
तापल्या तेलात ओला हात झटकावा तसा.

"तुमच्या पॅकेजमध्ये गडबड आहे," तिनं लिहिलं होतं.
माझं कसलं पॅकेज!
मूळ लिहिणारा आठ वर्षांपूर्वी निघून गेला,
त्याचं आडनावही मला नीट उच्चारता येत नाही.
मी नुसती चाबी सांभाळते.
दिवसा मिहानमध्ये नोकरी, रात्री हे.

मला वाटलं मागाचाच खटका असेल.
चाळणी लावली, उंच टोकं छाटून टाकली.
फुटणं गेलं.
माग पण गेला.
उरला एक म्हातारा,
कुठल्याच खोलीत न बसता बोलणारा.

मग लॅपटॉप घेऊन गेलेच.
दुपारचे चार, पारा पंचेचाळीस,
गोळीबार चौकात डांबर चपलेला सोडेना.
धोंडबाजींनी हेडफोन एकाच कानाला धरला.
"हां. हा माहा खटका.
हा बी माहाच.
हा नाही."
कशावरून?
"अवो बाई, हात पोचला नाही ना अजून तिकडं!
हातच पोचला नाही तं खटका कुठून येईन?"
पुन्हा ऐकवलं.
पुन्हा तिथंच बोट वर.
नऊ वेळा.

त्या रात्री कूलरचं पाणी संपलं
आणि तो नुसतीच गरम हवा फेकत राहिला.
नऊ जागा कागदावर मांडल्या,
नऊच्या नऊ कोडच्या एकाच फांदीवर.
आवाज जिथं इतका खडबडीत
की त्याची घडी पडत नाही,
तिथं तो न दुमडता ठेवतात, जसाच्या तसा,
तीन तीन बाइटांत.
वाचताना ते तीन बाइट चार खोल्यांच्या घरात न्यायचे,
आणि रिकाम्या चौथ्या खोलीत
कुणीतरी सरसकट शून्य भरून ठेवलेलं.

धन संख्येला चालतं ते.
उणे तीनला नाही.
उणे तीनचं होतं
एक कोटी सदुसष्ट लाख सत्त्याहत्तर हजार दोनशे तेरा.
ऋणाचं चिन्ह पुसलं
की कुणीही असा रातोरात गब्बर दिसतो,
आणि तोंड उघडलं की फुटतो.

ही ओळ कुणाची, म्हणून इतिहास उलगडला.
माझीच.
चार वर्षांपूर्वीची,
खाली शेरा: "थोडं वेगवान केलं."
त्या परक्या आडनावाला मनात दिलेल्या शिव्या
एकेक करून परत घेतल्या.

दुरुस्ती एवढीच:
आठ घरं डावीकडे सरकवायचं,
आठ घरं उजवीकडे परत.
येताना आकडा आपलं चिन्ह सोबत आणतो.
धोट्यासारखं, गेला, आला.
तीन रात्री, एक ओळ.

बावीस मिनिटं ऐकून झाल्यावर
धोंडबाजी म्हणाले, "पैसे भेटते का याचे?"
नाही.
"मंग करतं काहून?"
तेवढ्यात मृणालनं पाटवडीचा रस्सा वाढला,
पहिल्या घासालाच डोळ्यांतून पाणी,
उत्तर राहून गेलं.
(असतं तर दिलं असतं.)

त्या फाइलीतला दीड सेकंद
त्यांना विचारून चाचणीत टाकलाय.
आता कुणीही, कुठूनही त्या कोडला हात लावला
की कुठल्याशा थंडगार खोलीतल्या यंत्रावर
तांडापेठेतला माग एकदा चालतो.
ऐकायला कुणी नसतं.
आकडे जुळतात, हिरवी खूण उमटते, बस्स.

धोंडबाजींचा अधूनमधून फोन येतो,
"कितीक डाव वाजला आतापावतो?"
मी बघून सांगते.
काल दोनशे बारा.