पडद्याच्या मागून

पुढून बघायला एक रुपया, मागून आठ आणे.
आम्ही मागचे.
रेणावीच्या जत्रेत बैलबाजाराला लागून
दस्तगीरभाईंचा तंबू,
मधोमध पडदा, पाणी मारून ताणलेला.
ओला असला की चित्र पलीकडं झिरपतं, ते म्हणायचे,
नवीन माठासारखं.

मागून सगळी अक्षरं उलटी.
मला तशी सुलटीही धड येत नव्हती.
राजपुत्र घोड्यावरनं उतरला
आणि त्यानं तलवार उपसली
डाव्या हातानं.

मी जागची उठले. मागच्यांनी शिव्या घातल्या.
माझ्या डाव्या हातावर माळी गुरुजींच्या पट्टीचे
ताजे वळ होते.
घरी आत्या ताटातला माझा हात उचलायची
आणि खाली ठेवायची, जणू चुकीच्या फळीवरचं भांडं.
आणि इथं राजपुत्र डावखुरा, राक्षस डावखुरा,
जडीबुटी कुटणारी आंधळी म्हातारीसुद्धा,
अख्खं राज्यच.

तेव्हापासून मला असलेच सिनेमे आवडतात.
सासूसुनांचे नकोत, कोर्टाचे नकोत,
ते घरी फुकट असतंय.
सतरंजी उडाली पाहिजे.
झाडानं एखाद्याला नाव घेऊन हाक मारली पाहिजे.
राक्षसाचा जीव त्याच्याजवळ नसावा,
सात विहिरींपलीकडं, कुठल्यातरी भुंग्याच्या पोटात असावा,
आणि भुंग्याला त्याचा पत्ता नसावा.

सतरंजीची तार दिसली तरी चालते.
खरं सांगू, दिसलेलीच आवडते.
एका राक्षसाला नखशिखांत काळा रंग फासलेला,
पण मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याएवढी जागा राहिलेली,
गोरी, एक बोटभर.
तो डरकाळी फोडून हात वर करायचा
आणि मला वाटायचं, याला घरी जायला उशीर होत असंल.
तरी भीती वाटायचीच.
दोन्ही एकदम वाटायचं.
हे कसं, ते मला अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही.

वडील गलाईवाले. अकरा महिने सेलमला,
सोनारांच्या दुकानातली झाडलोट विकत घ्यायची,
धुवायची, आटवायची, चिमूटभर सोनं काढायचं.
त्या साली ते विट्याला आले, तिथनं थेट जत्रेला.
पडद्यावर जादूगारानं फुंकर मारली,
आख्खा डोंगर पिवळा.
"फुकून व्हतंय व्हय?" ते म्हणाले,
तेजाबानं चरलेली बोटं चोळत,
"आन् धूर कुटाय?"
मला वाटलं, आता उठणार.
बसले शेवटपर्यंत. बिडी हातातच विझली.
आणि डोंगराचा परत दगड झाला
तेव्हा च्च केलं त्यांनी,
स्वतःच्याच मुशीतनं काही सांडल्यासारखं.

परवा रेवण, माझा भाचा, सांगलीला घेऊन गेला,
काळा चष्मा लावून बघायच्या सिनेमाला.
अजगर होता पंखांचा,
एकेक खवला वेगळा हलत होता,
त्याच्या नाकपुडीतली वाफ माझ्या मांडीपर्यंत आली.
मी हात पुढं केला. शेजारच्या बाईनंही केला.
"मावशी, कसा होता?"
चांगलाच होता रे.
फक्त त्याचं मनगट शोधत बसले तीन तास.

मग त्यानंच कुठनं तरी शोधून काढला
तो जत्रेतला, मोबाइलवर.
तेच घोडं, तीच खिंड,
राजपुत्रानं तलवार उपसली
उजव्या हातानं.

मी मोबाइल उलटा करून पाहिला.
मागं नुसतं कव्हर, एका कोपऱ्यात तडा.
रेवण हसून हसून पडला.

मी सही उजव्यानं करते.
बाकी सगळं, कुणी बघत नसलं की, डाव्यानं.
उठले, कपाटाच्या आरशासमोर मोबाइल धरला
आणि आरशात बघत उभी राहिले.
"अगं, नावं उलटी दिसायला लागली," रेवण म्हणाला.
म्हटलं, दिसू देत.