पाचवी काच

उम्म राशिदच्या घरात दोन सूर्य येतात.
एक जुना, वरचा; सासऱ्याने दोन हात जाड भिंती बांधून
त्याला बाहेरच ठेवलं होतं.
दुसरा समोरच्या नव्या टॉवरातून,
दुपारी तीन चाळीसला,
माडीच्या उत्तरेकडच्या खिडकीतून,
जिथून चाळीस वर्षं ऊन आलं नव्हतं.
गालिचा विटला. पोपट किंचाळतो.
टीव्हीवर बातम्या देणारा दिसतच नाही,
दिसते ती स्वतः, खुर्चीत, डोळ्यांवर हात धरून.

कंपनीने मला मुहर्रकला धाडलं:
पाच काचा, मॅट फिल्म, पैसे टॉवरवाले देतील.
साबणाचं पाणी, रबरी पट्टी, ब्लेड.

तुमच्याकडे याला काय म्हणतात, तिने विचारलं,
अर्धं हिंदीत, अर्धं बोटांनी.
कवडसा.
तिने म्हणून पाहिलं. जीभ ड-वर अडली.
कवदसा.
दाभोळच्या शाळेत तो आमचा खेळ होता,
आरशाचा तुकडा, तोडणकर गुरुजींचं टक्कल,
मग छडी.
इथे तो चाळीस मजली आहे.
छडी कुणी कुणाला मारायची?

चार काचा झाल्या.
उजेड ताकासारखा झाला, पातळ, निववणारा.
पोपटाने मान पंखात घातली.
पाचवीवर पाणी मारायला गेलो
तशी ती उठली.
ही राहू दे.

मला तिच्या खुर्चीत बसवलं. थांब म्हणाली.
वेलचीची कॉफी आली, खजूर आले,
घड्याळात पाच झाले.
ऊन सरकलं, आणि समोरच्या काचेत,
डोळ्यांच्या अगदी रेषेत,
एक निळी पट्टी.
तिच्यावर मुंगीएवढी होडी.

समुद्र आधी तिच्या पायरीशी यायचा.
मग भराव आला, भरावावर रस्ता,
रस्त्याकडेला गाड्या.
आता तो असा भेटतो, परक्याच्या काचेत, उलटा.
राशिदचा बाप उजवीकडून यायचा, ती म्हणाली,
आता सगळ्याच होड्या डावीकडून येतात.
येऊ देत.

फॉर्मवर मी लिहिलं: काचा पाच, काम पूर्ण.
तिने सही केली, हसली नाही.

उरलेली फिल्म गुंडाळून खोलीवर आणली.
खिडकीबाहेर औषधाच्या दुकानाचं हिरवं अधिकचिन्ह
रात्रभर लुकलुकतं.
नझरुल डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपतो, दोन वर्षं झाली.
दिवा न लावता, हाताच्या अंदाजाने चिकटवली.
एक बुडबुडा राहिला, तो राहिलाच.

त्या रात्री नझरुलचा टॉवेल
दोरीवरच वाळत होता.