व्याप्ती

नकाशावर मी निळ्या पेनाने कड आखली,
पुलाच्या दोन्ही अंगांना पाचशे मीटर.
एवढ्यातलंच मोजायचं.

शाळेच्या व्यायामशाळेत वीसेक बेटकरी,
ओले कोट, किटलीत कडू कॉफी.
मी यादी वाचत गेलो: ईल, सील, समुद्रगवत,
खांब ठोकतानाचा आवाज, डेसिबलमध्ये.
हंस कुठे, कुणीतरी मागून विचारलं.
पान चार, स्थलांतर.

हेल्व्ही पार्ना, फेरीबोटीवर एकवीस वर्षं
सूप वाढणारी, उभी राहिली:
बोट बंद होईल, ते कुठल्या पानावर?
ते सामाजिक, म्हणालो. तो अहवाल वेगळा.
ती बसली. रिकामा कप चमच्याने ढवळत राहिली.

मग ताव्हीने हात वर केला. असेल नऊ वर्षांचा.
पुलाची सावली किती लांब पडेल?

हसलो आम्ही.
सल्लागार यूलोने पाठकोऱ्या कागदावर
गंमत म्हणून आकडेमोड मांडली:
उंची पस्तीस, महिना डिसेंबर, सकाळचे दहा,
सूर्य समुद्रापासून जेमतेम दोन बोटं वर...
आणि पेन्सिल तशीच धरून बसला.

सहाशेच्या आसपास, म्हणाला हळूच.

म्हणजे माझी कड ओलांडून,
मासे धुरवायच्या खोपटावरून,
हेल्व्हीच्या स्वयंपाकघरात.

पेन पक्क्या शाईचं. थुंकी लावूनही पुसेना.
‘इतर मुद्दे’ खाली लिहिलं: सावली.
एककाच्या रकान्यात आधी ‘मीटर’,
ते खोडून ‘तास’,
मग तेही खोडलं.

खिडकीबाहेर तेव्हा चार वाजले होते
आणि सावली पडावी
एवढाही उजेड नव्हता.