पाच तारा

गायिकेची गाडी अनमोड घाटात अडकली,
म्हणून खानापूरच्या शाळेच्या हॉलात
वेळ काढायला याला बसवलं.
इनास बार्देशकर, कौलांच्या कारखान्यातला.
आम्ही चहाला उठत होतो.

मान खाली. गिटारीला चिकटपट्टी.
अंगठा एक बोलत होता,
बाकीची बोटं दुसरंच,
आणि दोन्ही कळत होतं,
आई मराठीत रागावते
शेजारीण कानडीत समजावते, तसं.

मी कप धरून दारातच.
चहावर साय आली.

मग तार तुटली.
तो थांबला नाही.
उरलेल्या पाचांवरून वळवलं त्यानं,
रेल्वे फाटक पडलं की
आम्ही गल्लीतून सायकल काढतो की नाही.

गायिका आली. छान गायली म्हणे.
मी बाहेर, कट्ट्यावर,
त्याच्या नखांतली लाल माती बघत.